शाळेचं मी बघते

"दिशाची मदर कोण आहे? प्लीज स्टँड अप."

माइकवरून आवाज आला आणि मी उभी राहिले. शाळेचा हॉल, शनिवारची सकाळ. पहिली ते चौथीचे सगळे पालक बसलेले. कुणाच्या मांडीवर धाकटं पोर, कुणी ऑफिसचं कार्ड गळ्यात घालूनच आलेलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एसीच्या गारव्यातसुद्धा माझे कान तापले.

स्टेजवर तिघं होती. प्रिन्सिपल, प्रायमरीच्या सुपरवायझर आणि पेरेंट्स कमिटीच्या अध्यक्षबाई. माइक अध्यक्षबाईंच्या हातात. माझ्याकडे बघत त्या इंग्रजीत बोलायला लागल्या. मला इंग्रजी कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत. बोलता येत नाही, खरंय. पण पोरीचा अभ्यास रोज मीच घेते. कळणार नाही कसं?

"देअर आर मदर्स हू कीप द चाइल्ड अवे फॉर देअर ओन किचन बिझनेस. अँड देन द चाइल्ड लर्न्स टू टेल लाइज."

म्हणजे काय, तर काही आया स्वतःच्या स्वयंपाकाच्या धंद्यापायी पोराची शाळा बुडवतात, आणि वर पोर खोटं बोलायला शिकतं. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी च्च् केलं. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. मी काय चावणार होते त्याला?

या अध्यक्षबाई म्हणजे मेधाताई. मूळच्या पुण्याच्या, नवरा दुबईत बँकेत मोठा अधिकारी. तीन वर्षं यांच्या घरच्या पोळ्या मी लाटल्या होत्या. आणि ज्या धंद्याचं नाव त्या माइकवर घेत होत्या, तो धंदा, शाळा बुडाली ते दोन दिवस, त्यांच्याच ओट्यावर चालला होता.

आता पहिल्यापासून सांगते.

आम्ही शारजात अल नहदाला राहायचो. टॉवर मोठा, पण आमची त्यात एक खोली. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं, किचन एकच, पाळीपाळीने. माझे मिस्टर दुबईत बिल्डिंगच्या साइटवर फोरमन होते. मंदी आली आणि साइट बंद पडली. क्रेन तशीच उभी, माणसं मात्र घरी. चार-पाच महिने पगार नाही. कंपनी म्हणायची, नेक्स्ट मंथ इन्शाल्ला. मग कंपनीच गेली. कसंबसं त्यांना रुवैसला रिफायनरीच्या कामावर घेतलं, आधीपेक्षा कमी पगारावर. रुवैस म्हणजे अबुधाबीच्याही पलीकडे, पार टोकाला. ते तिकडे कॅम्पमध्ये, पंधरा दिवसांनी एकदा घरी.

मला बायकांनी सांगितलं, पोरीला घेऊन गावी जा. मी म्हटलं, नाही. गावी आमच्या वाडीतली शाळा मी बघितलेली आहे. मी त्याच शाळेत सातवीपर्यंत बसले. बसले म्हणजे दाराजवळ बसले. दिशाला मी तिथे पाठवणार नव्हते. ती इथे इंग्रजी शाळेत तेव्हा केजीत होती, इंग्रजी अक्षरं फडाफडा वाचायची. ती शाळा टिकली पाहिजे, बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढंच माझं म्हणणं. म्हणून मी पोळपाट-लाटणं काढलं. लग्नाआधी चिपळूणला खानावळीत काम केलेलं होतं, हात बसलेला होता.

मेधाताईंशी ओळख मंडळात झाली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. आडनाव विचारलं, सांगितलं. मग गाव विचारलं, सांगितलं. मग हळूच, "गावात कुठे गं?" मी म्हटलं, "खालच्या वाडीत." त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, इथे परदेशात कसलं आलंय ते सगळं. आपण सगळे मराठी. मला मॅडम नको म्हणू, ताई म्हण."

मी म्हटलं. खूप बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? साता समुद्रापार कुणीतरी ताई म्हण म्हणतंय. घरी येऊन मिस्टरांना फोनवर सांगितलं, "बाई साधी आहे हो." साधी! डोंबल.

त्यांची आरोही आणि माझी दिशा एकाच वर्गात. त्यामुळे माझं जाणं-येणं आणखी वाढलं. रोज सकाळी पोळ्या, सणाला पुरण, पाहुणे आले की भाजी-आमटी. चारचौघींत त्या म्हणायच्या, "ही काय, आमच्या घरचीच आहे." आणि मी फुलून जायचे. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

आता शाळेच्या नियमाचं. मंदीत लोक न सांगता निघून जायचे. नोकरी गेली, विसा गेला की चंबूगबाळं आवरून विमानात. गुरुवारी वर्गात असलेलं पोर शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी नाही, फोन बंद. म्हणून शाळेने कडक नियम काढला. प्रायमरीचं पोर आधी परवानगी न घेता गैरहजर राहिलं, तर पालकांना फाइन आणि वॉर्निंग. तिसऱ्या वॉर्निंगला नाव कट. आजारी असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. बसचाही नियम होता. लहान पोर बसमधून उतरताना खाली आई किंवा बाप पाहिजे. नसेल तर बसमधल्या मावशी पोराला परत शाळेत नेणार, आणि आपल्या नावावर एक वॉर्निंग. तशी एक मला आधीच मिळाली होती. पूर्वी आमच्या शेजारच्या खोलीतली लिसी, केरळची, दिशाला उतरवून घ्यायची. मंदीत तीही गेली. मग एकदा लिफ्ट बंद पडली, मी अडकले आणि बस निघून गेली.

नियमाला माझी ना नव्हती. पोराला कुणाच्याही हाती देऊ नये, शाळा बुडवू नये, यात वाईट काय? हा नियम पालकांना समजावून सांगायला तेव्हा मेधाताईच स्टेजवर होत्या. "रूल सगळ्यांना सारखा," म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या वर्षी गणपती शाळा उघडल्यावर आले. आधीची काही वर्षं ते सुट्टीत नाहीतर रमजानात यायचे, मंडळाचा कार्यक्रम आटोपशीर व्हायचा. या वेळी मेधाताईंनी जाहीर केलं, सगळ्यांना उकडीचे मोदक. हातांनी कळ्या पाडलेले, साच्याचे नाहीत. पाचशे. करणार कोण? मी.

"ताई, मला जमेल," मी म्हटलं, "पण दुपारी दिशाची बस येते. मला खाली उभं राहावं लागतं. कामाच्या मध्येच उकड टाकून कशी जाऊ? गार झाली की पारी फाटते."

"मग तिला शाळेत पाठवूच नकोस," त्या म्हणाल्या. "इकडे घेऊन ये दोन दिवस. आरोहीलाही मी घरीच ठेवतेय, आरतीची प्रॅक्टिस आहे. खेळतील दोघी."

"आणि शाळा? माझी एक वॉर्निंग झालीय हो ताई."

"अगं, कमिटीची अध्यक्ष कोण आहे? शाळेचं मी बघते."

मी विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर ठेवला नसता. आपल्या माणसाच्या शब्दावर ठेवला. मराठीत दिलेला शब्द होता ना तो! शाळेला मी स्वतः फोन केला नाही. उगाच ताईंच्या वर गेल्यासारखं दिसेल म्हणून.

दोन दिवस सकाळी सहापासून मी त्यांच्या किचनमध्ये होते. नारळ खवून खवून खांदे भरून आले. वाफेने बोटांची सालं निघाली. दिशा आणि आरोही हॉलमध्ये, मधूनच येऊन एखादा मोदक करून बघायच्या. दोघींना परकर-पोलकी घातली होती, दिशाला आरोहीचं जुनं. मंडळाच्या सात-आठ बायका यायच्या, मखर सजवायच्या, मोदक मोजायच्या, दोघींचे गालगुच्चे घ्यायच्या. "किती गोड जोडी आहे गं," वैशाली म्हणाली. वैशालीची मुलगीही याच शाळेत.

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, शेवटचं सारण उरलं होतं. वेगळ्या पातेल्यात झाकलेलं. मला वाटलं राहून गेलं, म्हणून मी हात घातला.

"अगं अगं, ते राहू दे!" मेधाताई ओरडल्याच. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नैवेद्याचे एकवीस आहेत ते. ते आम्ही घरचेच करतो. सोवळ्यात."

माझा हात तसाच राहिला. घरचेच. काल चारचौघींत मी घरचीच होते. माणसांनी खायचे पाचशे मोदक माझ्या हातचे चालतात, देवापुढचे एकवीस चालत नाहीत.  पण मी हात पुसला आणि ओटा आवरला. दिशा बाहेर टाळ्या वाजवत होती, तिच्यासमोर तमाशा नको, असं स्वतःला सांगितलं. तेव्हा गप्प बसले, त्याचा मला अजून राग येतो.

रविवारी शाळेतून फोन आला. दोन दिवस विनापरवानगी गैरहजर. दोनशे दिरहम फाइन, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ तीन हजार रुपये. आणि दुसरी वॉर्निंग. शनिवारच्या मीटिंगला हजर राहा.

मी तशीच मेधाताईंकडे गेले. त्यांनी दारातच उभं केलं.

"अगं, मी बोलणारच होते, पण राहूनच गेलं गणपतीच्या गडबडीत. आता नवीन प्रिन्सिपल आहेत, फार स्ट्रिक्ट."

"आणि आरोहीचं?"

"तिचं... तिला ताप होता ना. सर्टिफिकेट दिलंय."

ताप! आरोही दोन दिवस सोफ्यावरून उड्या मारत होती. मंडळाच्याच डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, व्हायरल फिव्हर. मग कळलं की हे सगळ्यांचंच चालतं. तिकीट स्वस्त म्हणून सुट्टीआधीच गावी जायचं असलं, तरी पोरांना ताप येतो. रूल सगळ्यांना सारखा. ताप मात्र ओळखीने येतो.

पण खरा प्रकार घडला तो त्याच दिवशी वर्गात. टीचरने दिशाला विचारलं, दोन दिवस कुठे होतीस? दिशाने सांगितलं, आरोहीच्या घरी, आम्ही मोदक केले. टीचरने आरोहीला विचारलं. आरोहीला घरून पढवलेलं. ती म्हणाली, मी आजारी होते, झोपून होते, माझ्या घरी कुणी आलं नव्हतं. सर्टिफिकेट आरोहीकडे. मग खोटं कोण बोलतंय? माझी पोर. सगळ्या वर्गासमोर दिशाला आरोहीला सॉरी म्हणायला लावलं.

हे मला तिने संध्याकाळी सांगितलं. रडली नाही. जेवताना नुसती ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "मम्मा, डिड वी रिअली गो टू आरोहीज हाउस?"

"म्हणजे काय? गेलो होतो ना आपण."

"बट एव्हरीवन सेज वी डिडन्ट. मे बी आय ड्रेम्ट इट."

मला स्वप्न पडलं असेल, म्हणत होती. सात वर्षांची पोर. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, स्वतःच्या हातांनी केलेलं, आणि तिला स्वतःवरच शंका यायला लागली. फाइनने माझं काही झालं नव्हतं. नैवेद्याचं गिळलं होतं. पण हे ऐकून माझ्या अंगाची नुसती आग झाली. मला पहिलीपासून दाराशी बसवलं तेव्हा मलाही असंच वाटायचं, की माझंच काहीतरी चुकत असेल. तेच माझ्या पोरीच्या डोक्यात घालायचं काम चाललं होतं, आणि एवढी फी भरून.

शुक्रवारी मेधाताईंचा फोन. आवाज एकदम गोड. "हे बघ, फाइन मी भरते. उद्या तू फक्त उभी राहा, सॉरी म्हण, दिशा लहान आहे, चुकून बोलली म्हण. मी वॉर्निंग काढून टाकायला लावते. माझा शब्द."

पुन्हा शब्द.

मिस्टरांना रुवैसला फोन लावला. ते म्हणाले, "सॉरी म्हण आणि खलास कर. मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं? उद्या नाव कट केलं तर?" त्यांनाही कळत होतं काय झालंय. पण मंदीने त्यांचा कणाच काढून घेतला होता. मी फोन ठेवला. दिशा निजली होती. तिच्याकडे बघत बसले. सॉरी म्हटलं तर शाळा नक्की टिकते. नाही म्हटलं तर काय होईल ठाऊक नाही. पण सॉरी म्हटलं तर त्या शाळेत जाणारी पोर कोण असेल? आईनेच खोटी ठरवलेली.

तर शनिवार. हॉल. मी उभी.

"यू हॅव समथिंग टु से?" मेधाताईंनी विचारलं आणि मान किंचित हलवली. सॉरी म्हण, अशी खूण.

मी हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "हां, बोलना है. मेरी बेटी बीमार नहीं थी. वो झूठ भी नहीं बोली. वो दो दिन आपके घर पे थी, मैडम. मैं आपके किचन में मोदक बना रही थी. आपने बोला था, स्कूल का मैं देखती हूँ. आरोही भी घर पे थी. उसको बुखार नहीं था."

 मेधाताईंनी माइक बाजूला धरला आणि मराठीत म्हणाल्या, "खाली बस. आपण नंतर बोलू."

"मला उभं तुम्हीच केलंत," मी म्हटलं.

मग मी मागे वळले. मंडळाच्या बायका एका रांगेत बसलेल्या. माझ्या हातचे मोदक डब्यात भरून नेलेल्या. "वैशाली, तू होतीस ना? जोडी गोड आहे म्हणालीस. सांग ना."

वैशालीने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. "गर्दी होती गं," ती पुटपुटली, "नक्की आठवत नाही." तिच्या शेजारची खिडकीकडे बघायला लागली. एकीनेही तोंड उघडलं नाही. एकीनेही! ज्यांना मी वहिनी, ताई, मावशी म्हणत होते, त्या सगळ्यांना एकाच वेळी विसर पडला. मेधाताईंचं मला इतकं लागलं नाही. त्या निदान स्वतःची कातडी वाचवत होत्या. यांचं काय जात होतं?

प्रिन्सिपल म्हणाले, हा तुमचा पर्सनल मॅटर आहे, नेक्स्ट पॉइंट. सुपरवायझर मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला बस म्हणून सांगितलं नाही. मीटिंग संपेपर्यंत मी उभीच राहिले.

नंतर खाली काउंटरवर गेले आणि फाइन भरली. स्वतःच्या पोळ्यांच्या पैशांतून. पोरीची शाळा मी बुडवली होती, ते खरं होतं, म्हणून भरली. सॉरी म्हटलं नाही, कारण ते खोटं होतं. वॉर्निंग तशीच राहिली. अजून एक झाली असती तर नाव कट.

घरी येऊन दिशाला समोर बसवलं. म्हटलं, "आपण गेलो होतो. तू परकर घातला होतास. तुझा पहिला मोदक फुटला होता. सगळं खरं आहे. सगळी शाळा नाही म्हणाली तरी खरं आहे." तिने विचारलं, "यू टोल्ड देम?" मी म्हटलं, "हो, माइकशिवाय." तेव्हा ती रडली.

शाळेने तिची माफी कधी मागितली नाही. आरोही तिच्याशी पुन्हा बोलली नाही. त्या महिन्यात मराठी घरांच्या पोळ्या एकेक करून सुटल्या. कुणी म्हणालं डाएट, कुणी म्हणालं मेड ठेवली. मिस्टर पंधरा दिवस फोनवर हं-हं करत राहिले. मी सडेफटिंग पोरांचे डबे सुरू केले, काम दुप्पट आणि पैसे निम्मे.

पुढच्या वर्षी गणपती पुन्हा शाळेच्या दिवसांत आले. मेधाताईंचा फोन आला. मला खरंच वाटलं नव्हतं येईल. "अगं, मागचं सोड ना. तुझ्यासारख्या कळ्या कुणाला पडत नाहीत. ये दोन दिवस. तू म्हणशील ते देऊ."

"नाही," मी म्हटलं. "दिशाची शाळा आहे."

"अगं, शाळेचं मी..."

"शाळेचं मी बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता प्रत्येक मीटिंगला मी जाते. पहिल्या रांगेत बसते, स्टेजच्या बरोबर समोर. नियम वाचला जातो, तो शब्दन् शब्द ऐकते. कुणाच्या पोराला खोटं ठरवायला लागले, की मी उठते. मला उभं राहा म्हणून आता कुणाला सांगावं लागत नाही.